अनेक जुनाट आजार, एक रुग्ण : फॅमिली डॉक्टरांनी दवाखान्यातील व्यवस्था कशी आखावी

मधुमेह, उच्च रक्तदाब आणि गुडघ्यांची झीज असलेल्या घोडबंदर रस्त्यावरील एखाद्या सत्तरीच्या आजी तीन तज्ज्ञांकडे जातात आणि तीन चिठ्ठ्या घेऊन परततात. त्या चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून वाचणारे मात्र कोणीच नसते. ते काम फॅमिली डॉक्टरांनी अंगावर घ्यावे. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेनुसार नियमित १५ किंवा अधिक औषधे घेणाऱ्यांची अशी एकत्रित तपासणी व्हावी. माझ्या मते आपल्याकडे पाच औषधांपासूनच सुरुवात करणे शहाणपणाचे ठरेल.

पहिल्या भेटीसाठी अर्धा तास राखून ठेवावा आणि घरातील सगळी औषधे पिशवीत भरून आणायला सांगावे. यादीवर भागवू नये, कारण केमिस्टकडून परस्पर घेतलेली वेदनाशामके, चूर्णे आणि शेजारणीने सुचवलेले कॅल्शियम यादीत सहसा येत नाही. प्रत्येक गोळी कोणी, कशासाठी आणि केव्हापासून दिली, हे विचारावे. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारे औषध चालू असताना गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक घेतले गेले, तर मूत्रपिंडांना अचानक इजा होऊ शकते, आणि गंमत अशी की प्रत्येक चिठ्ठी आपापल्या जागी बरोबरच असते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचा ईजीएफआर (मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता दाखवणारा आकडा) ४५ च्या खाली गेल्यास डोसचा फेरविचार करावा, ३० च्या खाली गेल्यास ते औषध थांबवावे. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचे अंतर असावे. तज्ज्ञांनी सुरू केलेले औषध बदलायचे असल्यास आधी त्यांना फोन करावा; न सांगता केलेला बदल पुढच्या चिठ्ठीत हमखास परत येतो.

त्यानंतर रुग्णाला स्वतःला काय हवे आहे, हे विचारावे. जिना चढून नातवाकडे जाता यावे, एवढीच आजींची इच्छा असेल, तर एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी चाचणी) सात टक्क्यांच्या खाली आणण्याच्या हट्टापायी साखर एकदम उतरून त्या पडण्याचा धोका पत्करू नये. अशक्त वृद्धांसाठी आठपर्यंतचे लक्ष्य सहसा पुरेसे मानले जाते.

एचबीए१सी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठीची रक्तचाचणी), रक्तदाब आणि पायांची तपासणी एकाच दिवशी, साधारण तीन महिन्यांनी ठेवावी. औषधे, वेळा आणि ठरलेली लक्ष्ये यांचा एकपानी मराठी तक्ता रुग्णाकडे द्यावा, आणि कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात पाठवायची वेळ आली, तर फाइलीच्या सर्वांत वर तोच लावावा.