सायनॅप्स, अल्झायमर आणि बातमी : संशोधन वाचण्याची एक रीत

घरातील वडीलधाऱ्या माणसाला विसर पडू लागला, की पुण्या-मुंबईकडचा एखादा भाचा किंवा पुतण्या मोबाइलवर बातमी धाडतो : ‘शास्त्रज्ञांनी स्मृती परत आणली.’ सोलापुरात ती वाचणाऱ्याला पडणारा प्रश्न साधा असतो : हे औषध आपल्या आईला मिळेल का? बहुतेक वेळा उत्तर ‘आज तरी नाही’ असेच असते. पण ते दुसऱ्या कोणी सांगण्याची वाट न पाहता बातमीतूनच काढता यावे, एवढ्यासाठी हे टिपण आहे. त्यासाठी विज्ञानाची पदवी लागत नाही. प्रयोग कोणावर झाला आणि त्यात नेमके काय मोजले, हे दोन प्रश्न धरून ठेवले तरी पुष्कळ उलगडते.

आधी सायनॅप्स म्हणजे काय, एवढे पक्के करावे. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. बहुतेक ठिकाणी त्या एकमेकींना चिकटलेल्या नसतात. दोघींच्या मध्ये साधारण २० नॅनोमीटरची फट असते. एका पेशीने सोडलेले रसायन ही फट ओलांडून समोरच्या पेशीवरील ठरावीक प्रथिनांना जाऊन मिळते आणि संदेश पुढे सरकतो. या जोडणीला सायनॅप्स म्हणतात. टिमोथी ब्लिस आणि टेर्ये लोमो यांनी १९७३ मध्ये सशाच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात दाखवून दिले, की एखाद्या मार्गावर विजेच्या झपाट्याने येणाऱ्या ठोक्यांचा मारा केल्यास तेथील सायनॅप्स पुढे कित्येक तास अधिक जोमाने काम करत राहतात. शिकलेली गोष्ट मेंदूत कशी टिकते, याचा विचार तेव्हापासून या जोडण्यांभोवती फिरू लागला. सोलापूरकराला येथे मागाची उपमा सुचणे साहजिक आहे, परंतु ती फसवी आहे : ताण्यातला धागा एकदा ओढला की जागचा हलत नाही, सायनॅप्स मात्र आयुष्यभर बनतात, बळावतात, क्षीण होतात आणि मोडतात. म्हणून ‘सायनॅप्स कमी झाले’ एवढ्याने आजार सिद्ध होत नाही. कुठे, किती आणि कोणत्या वयात कमी झाले, हे पाहावे लागते.

आता अल्झायमर. आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये एका मृत रुग्ण स्त्रीच्या मेंदूत पेशींच्या बाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत पडलेल्या गाठी यांचे वर्णन केले. थर अमायलॉइड बीटा या प्रथिनाचे आणि गाठी टाऊ या प्रथिनाच्या असतात, हे पुढे १९८०च्या दशकात स्पष्ट झाले. दीर्घकाळ सर्वांचे लक्ष या दोन खुणांवरच होते. १९९१ मध्ये रॉबर्ट टेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत रुग्णांच्या मेंदूतील सायनॅप्सचे प्रमाण मोजून ते हयातीत घेतलेल्या बौद्धिक चाचण्यांच्या गुणांशी ताडून पाहिले, तेव्हा अमायलॉइडच्या थरांपेक्षा सायनॅप्सच्या घटीचा त्या गुणांशी फार जवळचा संबंध दिसला. डोक्यात भरपूर थर असूनही व्यवहार शाबूत असलेली म्हातारी माणसे असतात, ही गोष्ट त्यामुळे थोडी कमी कोड्याची वाटू लागली. बातमी वाचताना याचा थेट उपयोग होतो : ‘थर हटले’ आणि ‘सायनॅप्स वाचले’ हे दोन वेगळे दावे आहेत, आणि ‘रुग्णाला बरे वाटू लागले’ हा तिसरा.

एक खरे उदाहरण घेऊन वाचून पाहू. बेथ स्टीव्हन्स या अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ. वाढत्या मेंदूत गरजेपेक्षा जास्त सायनॅप्स तयार होतात आणि नंतर त्यांची छाटणी होते; या छाटणीत रोगप्रतिकार यंत्रणेतील सी-वन-क्यू या प्रथिनाचा हात आहे, असे त्यांच्या २००७ मधील शोधनिबंधाने दाखवले. नको असलेल्या जोडणीवर जणू खूण केली जाते आणि मायक्रोग्लिया नावाच्या पेशी ती गिळतात. २०१६ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेने पुढचा प्रश्न विचारला : बालपणी उपयोगी पडणारी हीच छाटणी अल्झायमरमध्ये अवेळी पुन्हा सुरू होते काय? त्यांना आढळले, की थर जमण्याआधीच हिप्पोकॅम्पसमध्ये हे प्रथिन वाढते आणि सायनॅप्स घटतात. या साखळीतील एखादा दुवा अडवला, तर ही सुरुवातीची घट कमी होते.

निष्कर्ष उत्कंठावर्धक आहेच. पण आता पहिला प्रश्न विचारावा : प्रयोग कोणावर झाला? उंदरांवर. उंदरांना निसर्गतः अल्झायमर होत नाही. म्हणून त्यांच्यात मानवी जनुकांची सदोष रूपे घालतात. अशा जनुकदोषांमुळे थेट होणारा आजार माणसांत अत्यंत विरळा आहे, एकूण रुग्णांच्या १ टक्क्याहूनही कमी. साठी-सत्तरीनंतर सोलापुरातल्या घराघरांत दिसणारा आजार बहुतांशी त्या प्रकारचा नसतो आणि त्याच्या सोबतीला अनेकदा मधुमेह, रक्तदाब, मेंदूतील बारीक रक्तवाहिन्यांची झीज हेही असतात. त्यामुळे असा निबंध वाचून ‘आजार कसा सुरू होत असावा याचा एक भक्कम धागा मिळाला’ एवढेच म्हणावे. उंदरांवर यशस्वी ठरलेले कित्येक उपाय माणसांत निष्फळ ठरले आहेत, आणि ही बाब मथळ्यात सहसा येत नाही.

दुसरा प्रश्न, काय मोजले? येथे घाई करू नये, कारण निम्मा गोंधळ याच ठिकाणी होतो. मेंदूच्या पातळ कापांना रंग देऊन जोडणीच्या दोन्ही बाजूंची प्रथिने एकमेकांलगत दिसतात का, हे मोजणे ही एक पद्धत. सुई-इलेक्ट्रोडने संदेशाचा जोर मोजणे ही दुसरी. उंदराला पाण्यातला लपलेला चौथरा आठवतो का, हे पाहणे ही तिसरी. तिन्हींचे उत्तर एकच येईल असे नाही. जिवंत माणसाच्या मेंदूतील सायनॅप्सचा अंदाज घेणे तर अलीकडेपर्यंत अशक्यच होते. २०१६ मध्ये एस-व्ही-टू-ए या सायनॅप्समधील प्रथिनाला चिकटणारे किंचित किरणोत्सारी द्रव्य देऊन, ते मेंदूत कुठे जमते हे टिपणाऱ्या पेट स्कॅनने तसे चित्र घेता येते, असे दाखवण्यात आले, आणि २०१८ मध्ये येल विद्यापीठाच्या गटाने अल्झायमरच्या १० रुग्णांची ११ निरोगी व्यक्तींशी तुलना करून हिप्पोकॅम्पसमध्ये ही खूण सुमारे ४१ टक्क्यांनी कमी असल्याचे नोंदवले. ४१ हा आकडा डोळ्यांत भरतो, १० हा आकडा निसटतो. वाचकाने दुसरा आधी शोधावा.

माणसांवरील चाचणीची बातमी असेल तर टक्केवारी उलगडून पाहावी. लेकानेमॅब या अमायलॉइड हटवणाऱ्या औषधाच्या मोठ्या चाचणीत सुरुवातीच्या अवस्थेतील १,७९५ जण होते आणि ती १८ महिने चालली. ‘ऱ्हास २७ टक्क्यांनी मंदावला’ असा तिचा मथळा झाला. हिशेब असा : ० ते १८ गुणांच्या मोजपट्टीवर औषध न मिळालेल्यांची स्थिती सरासरी १.६६ गुणांनी बिघडली, औषध मिळालेल्यांची १.२१ गुणांनी. फरक ०.४५ गुणाचा. दोन्ही गट खालावलेच. एक थोडा सावकाश खालावला. शिवाय औषध घेणाऱ्यांपैकी १२.६ टक्के जणांच्या एमआरआयमध्ये मेंदूला सूज आढळली, दुसऱ्या गटात हे प्रमाण १.७ टक्के होते. या सुजेची लक्षणे सर्वांना जाणवली नाहीत, तरीही वरचेवर एमआरआय करावे लागतात. हे औषध निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु ‘स्मृती परत येते’ असे कोणी म्हणाले, तर ते या चाचणीने दाखवलेले नाही.

निबंध मागे घेतला गेला आहे का, हेही पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीत पाहता येते. अमायलॉइडच्या एका विशिष्ट रूपाला स्मृतिनाशाचे कारण ठरवणारा ‘नेचर’मधील २००६ चा गाजलेला निबंध चित्रांतील फेरफारांमुळे २०२४ मध्ये मागे घेण्यात आला. त्यावरून ‘अमायलॉइड हे सगळे थोतांड’ असे संदेशही फिरले, तेही तितकेच चुकीचे आहेत. अमायलॉइडविषयीचा मुख्य पुरावा आनुवंशिक आहे आणि तो त्या निबंधावर उभा नव्हता. भारतात चाचणी सुरू असल्याचा दावा कोणी केला, तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीतील क्रमांक मागावा. क्रमांक देता येत नसेल आणि वर पैसे मागत असतील, तर बोलणे तेथेच थांबवावे.

आता घरातल्या माणसाकडे वळू. सोलापुरात ‘सिव्हिल’ला जा किंवा खासगी न्यूरॉलॉजिस्टकडे जा, सोबत एका पानावर काय, कधीपासून आणि कसे बदलले ते लिहून न्यावे. ‘विसरते’ एवढे पुरत नाही. जन्मभर विड्या वळलेली आजी मोजणीत चुकू लागली, ठरलेल्या भाजीवाल्याशी हिशेबावरून भांडू लागली, रोजच्या गल्लीत वळण चुकली, असे लिहावे. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलली जात असेल तर स्मृतीची चाचणीही त्याच भाषेत व्हावी, असा आग्रह धरावा आणि शाळा किती झाली तेही सांगावे. नाहीतर भाषेची व अक्षरओळखीची अडचण आजार म्हणून नोंदली जाते. बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड, नैराश्य आणि ऐकू कमी येणे या बाबी तपासल्या गेल्या का, हे विचारावे, कारण त्यांपैकी काहींवर सरळ उपाय आहेत.

आणि घरात असतील त्या सर्व गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून न्यावीत, दुकानातून चिठ्ठीविना आणलेलीही. डोनेपेझिल हे अल्झायमरमध्ये सर्रास दिले जाणारे औषध सायनॅप्समधील ॲसिटिलकोलीन हे रसायन अधिक वेळ टिकवून धरते. तर सर्दी-खाज, झोप आणि वारंवार लघवी यांवरच्या काही जुन्या गोळ्या याच रसायनाची वाट अडवतात. एकाच ताटात दोन्ही पडत असतील, तर एक औषध दुसऱ्याच्या विरुद्ध काम करत राहते. कोणती गोळी थांबवायची हे मात्र डॉक्टरांनी पाकिटे पाहूनच ठरवावे, घरच्यांनी आपल्या मनाने एकही बंद करू नये.