युरोपच्या सहलीची तयारी : सोलापूरहून निघणाऱ्या जोडप्यांनी या चुका टाळाव्यात

सोलापुरातून मे महिन्यात युरोपला निघणारे जोडपे बॅग भरायला बसते तेव्हा मनात बहुधा दोनच धास्त्या असतात : तिकडे थंडी बाधेल आणि तिकडचे जेवण घशाखाली उतरणार नाही. या दोन्हींची तजवीज करता करता बॅग पंचवीस किलोंच्या पुढे जाते, आणि ज्यामुळे सहल खरोखर अडते त्या गोष्टी मात्र राहून जातात. आम्ही उभयतांनी दोन वर्षांपूर्वी अशी सहल केली आणि नंतर नात्यातल्या चार-पाच जोडप्यांना तयारीत मदत केली. खाली लिहिलेल्या चुकांपैकी निम्म्या आमच्या स्वतःच्या आहेत.

कागदपत्रे

पासपोर्टची मुदत संपलेली नाही एवढे पाहून निर्धास्त राहू नये. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा एकच सामायिक व्हिसा) पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा लागतो, शेंगेन देशांतून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर तो किमान तीन महिने वैध असावा लागतो आणि त्यात दोन पाने कोरी असावी लागतात. आपल्याकडे नावाचा घोळ हमखास होतो. पत्नीच्या पासपोर्टवर माहेरचे नाव, बँकेत सासरचे नाव आणि तिकिटावर सहल कंपनीने स्वतःच्या समजुतीने लिहिलेले तिसरेच नाव, अशी गत मी दोन घरांत पाहिली आहे. तिकीट हाती आले की त्यावरील नाव पासपोर्टवरील नावाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावे आणि फरक दिसल्यास त्याच दिवशी कळवावे. लग्नाचा दाखलाही कागदपत्रांत ठेवावा.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण अधिक चौकशी करायची ठरल्यास ही मुदत पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकते. त्यामुळे दिवाळीनंतर ठरलेली सहल आणि एप्रिलअखेरीस भरलेला अर्ज हा हिशेब धोक्याचा आहे. बोटांचे ठसे देण्यासाठी सोलापूरकरांना पुण्या-मुंबईला जावे लागते. ती फेरी फोटोपायी वाया जाऊ देऊ नये. फोटो 35 बाय 45 मिलिमीटरचा, फिकट पार्श्वभूमीचा, सहा महिन्यांच्या आतला आणि चेहऱ्यावर कसलीही सफाई न केलेला हवा. आमच्या स्टुडिओवाल्याने प्रेमाने माझ्या कपाळावरच्या सुरकुत्या पुसून टाकल्या होत्या, तो फोटो परत आला.

बँकेच्या खात्यात अर्जाच्या आठ दिवस आधी मुदतठेव मोडून चार लाख रुपये भरल्याने खाते भक्कम दिसेल असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात एकाएकी आलेली रक्कमच शंकेला जागा देते. ठेव ठेव म्हणूनच दाखवावी, पावती जोडावी, आणि निवृत्तिवेतन किंवा दुकानाचे उत्पन्न महिन्यामागून महिना जमा होताना दिसू द्यावे. विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. तो काढताना रक्तदाब किंवा मधुमेह लपवण्याचा मोह अनेकांना होतो, पण लपवलेल्या आजारावरचा दावा नाकारला जातो आणि तिथल्या रुग्णालयाचे बिल स्वतःच्या खिशातून भरावे लागते. सहलीत लंडन असेल तर ब्रिटनचा व्हिसा स्वतंत्र काढावा लागतो, शेंगेन तिथे चालत नाही.

मुंबईला पोहोचण्याचा हिशेब

रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी मुंबईत सोडते आणि विमान दुपारचे आहे, तेव्हा भरपूर वेळ आहे, असे कागदावर दिसते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की कर्जत-लोणावळ्याच्या घाटात गाड्या खोळंबतात आणि मग तो भरपूर वेळ घाटातच संपतो. एक रात्र आधी मुंबईत पोहोचावे. नातेवाइकांकडे उतरावे किंवा लॉजमध्ये, पण उशिरा धावणाऱ्या गाडीत बसून विमानाची वेळ मोजण्याची पाळी आणू नये.

बॅग : सहलीचा दिवस आधी डोळ्यांसमोर आणावा

सर्वांत जास्त चुका इथे होतात, कारण बॅग घर डोळ्यांसमोर ठेवून भरली जाते. मार्गदर्शकाबरोबरच्या सहलीत मोठी बॅग सकाळी आठ वाजता बसच्या पोटात जाते आणि रात्री हॉटेलवरच हाती येते. दिवसभर आपल्याजवळ असते ती फक्त खांद्यावरची पिशवी. म्हणून मोठ्या बॅगेत काय आहे यापेक्षा या पिशवीत काय नाही यावरच दिवस बिघडतो. स्वित्झर्लंडमधले युंगफ्राउयोख हे स्थानक 3,454 मीटर उंचीवर आहे. खाली इंटरलाकेनमध्ये ऊन असते म्हणून आमच्या गटातल्या एका जोडप्याने जाड जॅकेटे बॅगेत ठेवली, बॅग बसमध्ये राहिली आणि ते दोघे बर्फात टेरिकॉटच्या शर्टावर आणि सुती ओढणीवर कुडकुडत उभे राहिले. जॅकेट, कानटोपी, हातमोजे, औषधे, पाण्याची बाटली आणि छत्री ही पिशवीतच हवीत.

थंडीसाठी एकच जाड स्वेटर नेण्यापेक्षा आतून थर्मल, त्यावर पातळ लोकरी कपडा आणि वरून वारा-पाऊस अडवणारे जॅकेट असे थर घ्यावेत. मे महिन्यात सोलापूरचा पारा बेचाळीसच्या पुढे असताना थर्मल घालून पाहणे शिक्षाच आहे, पण माप न पाहता घेतलेले थर्मल तिथे पोटावर गुंडाळत राहते, तेव्हा दहा मिनिटे घाम गाळावा.

आता चादरीविषयी. आमच्या घरी निघण्याच्या आदल्या दिवशी बॅग स्प्रिंगच्या काट्याला टांगली तेव्हा काटा साडेपंचवीसवर गेला. तिकिटावर तेवीस किलोंची मुभा होती. हिने आधी माझी दोन पुस्तके काढली, मग एक पातळ, मग पुन्हा बॅग टांगली. काटा जेमतेम चोवीसच्या खाली आला. शेवटी तळाशी घडी घातलेली जेकार्ड चादर मी गुपचूप बाहेर ओढली. "अहो, पांघरायला काय घेणार मग?" असे तिने विचारले खरे, पण युरोपातल्या प्रत्येक हॉटेलात जाड दुलई असते आणि खोली उबदार असते. सोलापुरी टर्किश टॉवेलाचेही तेच : हॉटेलात टॉवेल मिळतात आणि आपला जाडजूड टॉवेल एका रात्रीत वाळत नाही. त्याऐवजी एक पातळ पंचा आणि एक प्लास्टिकचा मग न्यावा. तिथल्या बहुतेक शौचालयांत पाण्याची सोय नसते, त्यामुळे तो मग अकरा दिवस किती उपयोगी पडतो हे मी अधिक खुलवून सांगत नाही.

जोडप्याने एक बॅग त्याची आणि एक तिची अशी वाटणी करू नये. दोघांचे निम्मे-निम्मे कपडे दोन्ही बॅगांत घालावेत. एक बॅग विमानाबरोबर आली नाही तरी दोघांनाही दोन दिवसांचे कपडे मिळतात. बॅग न आल्यास विमानतळ सोडण्यापूर्वीच विमान कंपनीच्या खिडकीवर लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. हॉटेलवर जाऊन फोन करू असे म्हणणाऱ्यांचे फार हाल होतात.

बूट नवे कोरे नेऊ नयेत. रोमच्या दगडी फरसबंदीवर दिवसाला दहा-बारा हजार पावले सहज होतात, म्हणून निघण्याआधी दीड-दोन महिने तेच बूट घालून सिद्धेश्वर तलावाभोवती रोज फेऱ्या माराव्यात. व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स बॅसिलिकात जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात. बिनबाह्यांचे झंपर घालणाऱ्यांनी एक ओढणी जवळ ठेवावी.

खाण्याचे पदार्थ

युरोपीय संघात आपल्या देशातून दूध-दुभत्याचे पदार्थ आणि मांस नेण्यास मनाई आहे. त्यामुळे पेढे, खव्याची पोळी आणि तुपाची बरणी घरीच ठेवावी. सर्टिफिकेटाशिवाय ताजा कढीपत्ता, लिंबे आणि आंबेही नेता येत नाहीत, मग जावयासाठी खास निवडलेली हापूसची पेटी असली तरी. कडक भाकरी, भडंग, कोरडा चिवडा आणि शेंगा चटणी यांना अडचण नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र तेलामुळे पेट घेऊ शकतात म्हणून भारतातच चेक-इन सामानात अडवल्या जातात.

शेंगा चटणी उखळात कुटली की तिला तेल सुटते हे सोलापूरकरांना सांगायला नको, पण बॅग भरताना आम्ही तेच विसरलो. पॅरिसच्या हॉटेलात बॅग उघडली तेव्हा डब्याचे झाकण अर्धे वर आले होते आणि हिच्या एकुलत्या एक रेशमी साडीच्या पदरावर तळहाताएवढा तांबूस डाग पसरला होता. चटणी पातळ पिशवीत, पिशवी डब्यात आणि डबा दुसऱ्या पिशवीत गाठ मारून ठेवावा. तिखट आणि लोणचे हातातल्या बॅगेत ठेवू नये. तिथे द्रव व पातळ पदार्थांना साधारणपणे शंभर मिलिलिटरची मर्यादा असते. याउलट पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते.

तीन जाड पिनांचा प्लग असलेली इलेक्ट्रिक किटली तिथल्या भोकांत बसत नाही. दोन बारीक गोल पिनांचे मोबाइल चार्जर बहुतेक ठिकाणी चालतात आणि विजेचा दाबही आपल्यासारखाच 230 व्होल्ट असतो, त्यामुळे महागडे कन्व्हर्टर घेऊ नयेत. खोलीत उदबत्ती लावू नये, धुराचा भोंगा वाजतो.

बसची वेळ आणि सुटी नाणी

"पाच मिनिटांनी काय बिघडते?" या सवयीची किंमत तिथे सगळ्या गटाला मोजावी लागते. युरोपीय नियमानुसार चालकाला साडेचार तासांच्या ड्रायव्हिंगनंतर 45 मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते आणि दिवसाला साधारणतः नऊ तासच गाडी चालवता येते. वीस मिनिटांचा उशीर रात्री एखादे ठिकाण वगळूनच भरून काढावा लागतो. महामार्गावरच्या शौचालयाला अनेकदा एक युरोपर्यंत पैसे लागतात, तेव्हा नोटा मोडून नाणी जमवत जावे. स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक चालतो. युरो घेणारे दुकानदार सुटे बहुधा फ्रँकमध्येच देतात.

भारतीय कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर घरूनच चालू करून न्यावा आणि ओटीपी येणारा क्रमांक रोमिंगवर ठेवावा. दुकानातले यंत्र रुपयांत द्यायचे की युरोंत असे विचारते, तेव्हा रुपये पाहून बरे वाटले तरी युरोच निवडावा, कारण रुपयांचा दर यंत्राच्या सोयीचा असतो.

औषधे आणि हरवलेला पासपोर्ट

रोजच्या गोळ्या परतीनंतर चार दिवस पुरतील इतक्या, हातातल्या बॅगेत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्याव्यात. चिठ्ठीवर गोळीतील मूळ औषधाचे नाव असावे, कारण आपल्या ब्रँडचे नाव तिथल्या औषधविक्रेत्याला कळत नाही. इन्सुलिन विमानाच्या पोटात गोठू शकते. उन्हाळ्यात तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, म्हणून गोळीच्या वेळा कशा सरकवायच्या हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्यावे.

पॅरिसमध्ये आयफेल टॉवरच्या रांगेत खिसेकापू फिरतात आणि गर्दीत धक्का देणारा एकटा नसतो. पासपोर्ट हरवल्यास आधी मार्गदर्शकाला सांगावे, मग पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी आणि भारतीय दूतावासात आपत्कालीन प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. त्यासाठी पासपोर्टच्या व व्हिसाच्या पानाची छायाप्रत आणि दोन फोटो लागतात. पतीच्या कागदांच्या प्रती पत्नीच्या पर्समध्ये आणि पत्नीच्या पतीच्या खिशात ठेवाव्यात.