रायफल हलकी असली की झालं? पहिली रायफल घेताना या चुका टाळा

साताऱ्यात काय, सांगलीत काय, रायफल घ्यायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "वजनाला किती हाय?" त्यामागे बहुतेक वेळा मोबाईलवरचे व्हिडिओ असतात. आल्प्सच्या उतारावर चढणारा शिकारी, खांद्याला अडीच-पावणेतीन किलोची बोल्ट-अॅक्शन (हाताने दांडी ओढून गोळी भरायची) रायफल, कार्बन फायबर गुंडाळलेली नळी, वर बारीक दुर्बीण. बघणाऱ्याला वाटतं, डोंगर तर आपल्याकडेही आहेत, मग आपल्यालाही अशीच पाहिजे. पुढचे बरेच पैसे या एका समजापायी वाया जातात.

डोंगर आहे, शिकार नाही

आधी कायद्याचं बोलू. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 9 नुसार आपल्याकडे वन्यप्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. नुसतं मारणंच नव्हे, मारायचा प्रयत्न करणं, पकडणं, सापळा लावणंही या कायद्याच्या लेखी शिकारच. एअर गनने ससा किंवा मोर टिपला तर "ती खरी बंदूक नव्हती" हा बचाव चालत नाही. आपल्या पश्चिमेचा मोठा पट्टा, कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून, 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. तिथे परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरणं हाच वेगळा गुन्हा.

पाटण, शिराळ्याकडच्या शेतकऱ्यांचा प्रश्न मात्र खरा आहे. गवा आणि रानडुक्कर रात्रीत उभं पीक झोपवतात. पण त्याची वाट वनखात्याच्या कार्यालयातून जाते: पंचनामा, नुकसानभरपाईचा अर्ज, आणि कायद्यात बसेल तिथे अधिकाऱ्याची लेखी परवानगी. "रायफल घेऊन ठेवू, मग बघू" या विचाराने खरेदी करू नका.

मग उरतो तो नेमबाजीचा खेळ. आणि त्यात आपला भाग मागे नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये (झोपून नेम धरायचा प्रकार) जगज्जेत्या झाल्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने) कांस्य आणलं. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीला पदक घेतलं होतं. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला 72 वर्षं गेली, आणि ते रायफलीवर मिळालं. तर आता रायफल घ्यायची ती या खेळासाठी, असं धरून पुढे जाऊ.

हलकी रायफल म्हणजे अचूक रायफल, हा समज

डोंगरातली रायफल हलकी का करतात? कारण ती दिवसभर वाहायची असते आणि चालवायची असते एकदा, फार तर तीनदा. त्यासाठी नळी बारीक करतात, स्टॉक (खांद्याला लावायचा दांडा) पोकळ करतात. याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. बारीक नळी दोन-तीन गोळ्यांत तापते आणि तापली की नेम सरकू शकतो. दुसरं म्हणजे धक्का. तेच काडतूस चार किलोच्या रायफलीऐवजी अडीच किलोच्या रायफलीतून उडवलं, तर खांद्यावर येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा दीडपटीहून जास्त होते. शिकाऱ्याला हे परवडतं.

रेंजवर गणित उलटं आहे. 10 मीटर एअर रायफलमध्ये 60 शॉट्स, त्याआधी सराव शॉट्स वेगळे. आणि 10 गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा! तिथे नाडीचा ठोकासुद्धा नळीच्या टोकाला दिसतो. जड रायफल तो ठोका गिळते, तिचं हलणं संथ होतं आणि ट्रिगर दाबायला वेळ मिळतो. म्हणून नियमात वजनाची वरची मर्यादा आहे, खालची नाही: एअर रायफलला साडेपाच किलो, 50 मीटरच्या रायफलीला आठ किलो. चांगले खेळाडू उलट वजनाच्या पट्ट्या लावून रायफल जड करतात.

एनसीसीत .22 डीलक्स (.22 इंची नळीची, काडतुसाची रायफल) चालवलेल्या मुलांना हे पटायला जरा वेळ लागतो. ती रायफल 6 पौंड 2 औंसांची, म्हणजे पावणेतीन किलोच्या थोडी वर. 25 यार्डांवर, पोटावर झोपून तिने छान ग्रुपिंग येतं, म्हणजे गोळ्या एकमेकींजवळ लागतात. पण तीच मुलं उभ्याने, तेवढ्याच वजनाची रायफल धरून 10 मीटरवर उभी राहिली की कार्डभर छर्रे पसरतात. झोपून जमिनीचा आधार असतो, उभ्याने तो आधार हाडांनी आणि वजनाने द्यावा लागतो.

याचा अर्थ बारा वर्षांच्या पोराच्या हातात पाच किलोचं धूड द्यायचं असाही नाही. नव्या पैलवानाला वस्ताद पहिल्याच दिवशी मोठी गदा देत नाही. उभ्याने धरताना कंबर पुढे काढून पाठ मागे वाकवावी लागते आणि वाढत्या वयात जास्तीचं वजन थेट पाठीवर येतं. लहान मुलांसाठी कमी वजनाची, छोट्या स्टॉकची रायफल घ्या, जिला पुढे पट्ट्या लावून वजन वाढवता येईल. सुरुवातीला स्टँडवर टेकवून सराव करायला लाज वाटून घेऊ नका.

किंमत बघितली, माप बघितलंच नाही

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक ही. फाइनवेर्कबाऊ, वाल्थर, आन्शुत्झ अशी कंपन्यांची नावं पाठ असतात, पण आपल्या हाताची लांबी कुणी मोजलेली नसते.

बट, म्हणजे स्टॉकचं खांद्याकडचं टोक, कोपराच्या खोबणीत ठेवा, हात काटकोनात दुमडा. बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर सहज पोचायला हवं. ताणून पोचत असेल तर स्टॉक लांब आहे. बोट वळसा घालून पलीकडे जात असेल तर आखूड. मग डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल स्टॉकवर सैल सोडा आणि डोळे उघडा. साइट (नेम धरायची खाच किंवा भोक) समोर आपोआप दिसली पाहिजे. मान वाकडी करून शोधावी लागली तर चीकपीस (गाल टेकवायचा भाग) वर-खाली होतो का ते बघा, आणि होत नसेल तर ती रायफल सोडा. तासाभराच्या सामन्यात मानेला लागलेली कळ चाळिसाव्या शॉटनंतर गुणांत दिसायला लागते.

खरेदीआधी डोळाही तपासा. दोन्ही तळव्यांची छोटी खिडकी करून दूरचा विजेचा खांब तिच्यात पकडा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने खांब जागेवर राहतो तो तुमचा मुख्य डोळा. उजव्या हाताच्या बऱ्याच जणांचा मुख्य डोळा डावा निघतो. अशाने उजव्या बाजूची रायफल घेऊन टाकली की पुढे दुसऱ्या डोळ्यासमोर पट्टी लावा नाहीतर बाजू बदला, असा खटाटोप सुरू होतो. हे दुकानात जायच्या आधी घरी कळतं, फुकट कळतं.

वर दुर्बीण चढवली

स्कोप लावला की पोरगा खूश आणि बापही खूश. पण 10 मीटर आणि 50 मीटरच्या ऑलिम्पिक प्रकारांत दुर्बीण चालत नाही. तिथे पीप साइट (बारीक भोकातून बघायची), आणि आपल्याकडच्या स्पर्धांत नवख्यांसाठी ओपन साइटचाही (उघड्या खाचेची) गट असतो. वर्षभर स्कोपवर सराव करून ऐन स्पर्धेच्या तोंडावर पीपवर आलेला मुलगा पुन्हा पहिलीत बसतो.

नुसत्या हौसेसाठी स्कोप हवाच असेल तर दोन गोष्टी बघा. मोठ्या रायफलींचे बरेच स्कोप 100 यार्डांसाठी जुळवलेले असतात. 10 मीटरवर चित्र धुरकट दिसतं आणि डोळा जरा हलला की क्रॉस (नेमाची फुली) सरकतो. आणि स्प्रिंगच्या (स्प्रिंगने पिस्टन ढकलून हवा दाबणाऱ्या) एअर रायफलीत धक्का आधी मागे, मग पिस्टन थांबताना पुढे, असा दोन्हीकडे बसतो. साधा स्कोप त्यात खिळखिळा होतो. एअर रायफलसाठी बनवलेलाच घ्या.

नेम लागत नाही? रायफल विकायच्या आधी हे बघा

छर्रे चहूबाजूंना पसरत असतील तर आधी स्क्रू. स्प्रिंगच्या रायफलीत धक्क्यांनी स्टॉकचे आणि साइटचे स्क्रू सैल होतात. ते ठीक असतील तर छर्रा बदलून बघा. 4.49, 4.50, 4.51 मिलिमीटर अशा डोक्याच्या मापांत छर्रे मिळतात आणि प्रत्येक नळीची आवड वेगळी. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवा, प्रत्येक डब्यातले पाच-पाच मारा, ज्याचं ग्रुपिंग घट्ट तो ठेवा. कागदी टार्गेटला चपट्या तोंडाचे छर्रे लागतात. ते गोल, स्वच्छ भोक पाडतात.

छर्रे वर-खाली रांगेत लागत असतील तर बहुधा श्वास. पीसीपी म्हणजे भरलेल्या हवेच्या रायफलीत सिलिंडरचा दाब फार उतरला असेल तरी हेच होतं, म्हणून प्रेशर गेजकडे बघायची सवय लावा. डावी-उजवीकडे पसरत असतील तर ट्रिगर सरळ मागे न येता बाजूला ओढला जातोय, नाहीतर रायफल प्रत्येक वेळी वेगळी तिरकी धरली जातेय. आणि सगळं घट्ट एका जागी, पण मधोमध नाही, असं असेल तर अभिनंदन. फक्त साइट फिरवायची आहे. साइट फिरवताना एकदाच फिरवा, पाच शॉट मारा, मग पुन्हा. दर शॉटला फिरवणारा स्वतःच्याच मागे पळतो.

स्प्रिंगच्या रायफलीला गच्च आवळून धरू नका. छर्रा नळीबाहेर पडायच्या आतच ती हलायला लागते, तिला दर वेळी सारखंच हलू द्यायचं, म्हणून पुढचा तळवा उघडा आणि सैल. हौशी लोकांची निम्मी तक्रार इथेच मिटते.

पायांची जागाही तपासा. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. नळी बाजूला गेलेली दिसली तर हाताने ओढून आणू नका, पाय सरकवा.

आणखी एक लक्षण: मोठा आवाज, नळीतून निळसर धूर. पिस्टनच्या खोलीत तेल गेलंय आणि ते दाबाने पेटतंय. रायफल "जोरात चालतीय" म्हणून खूश होऊ नका, सील खराब होतं. छर्रा न घालता स्प्रिंगची रायफल उडवणं तर टाळाच. पिस्टन थेट टोकाला आदळतो. .22 मध्येही रिकामं फायर केल्याने चेंबरची (काडतूस बसतं त्या जागेची) कड दबू शकते.

गच्चीवर सराव करणाऱ्यांनी समोर छर्रे अडवणारी पेटी लावावी, मागे भक्कम भिंत आणि डोळ्यांवर चष्मा. एअर रायफलचा छर्रा शंभर मीटरच्या पलीकडेही जखम करू शकतो, आणि आपल्या वाड्या-पेठांत पलीकडे कुणी ना कुणी असतंच.

पावसाळ्यात पेटीत ठेवून दिली

महाबळेश्वर, कोयनेकडच्या लोकांना सांगायला नको, जूननंतर तिथे मीठसुद्धा पाणी होतं. रायफल फोमच्या पेटीत बंद करून चार महिने ठेवली तर फोम ओल धरतो आणि नळीवर गंजाचे ठिपके येतात. पेटी नेण्याआणण्यापुरती. घरी कोरड्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, लोखंडावर पातळ तेलाचा हात फिरवून ठेवा, आणि कपाटाला कुलूप. .22 ची नळी साफ करताना सळई चेंबरकडून घाला. तोंडाकडून घासली तर नळीच्या टोकाची कड बिघडते आणि नेम गेला तो गेला.

.22 ची घाई

शस्त्र नियम 2016 नुसार .177 म्हणजे 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या आणि 20 ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. ओळखपत्र आणि बिल मात्र जपून ठेवा, प्रवासात जवळ बाळगा. एसटीत उघडी रायफल घेऊन चढलात तर स्वारगेटला पोलीस तुमची वाट बघत असतील. .22 ला मात्र शस्त्र परवाना, पोलीस पडताळणी, सगळं आलं. साधारण परवान्याला वय 21 पूर्ण लागतं. शिकाऊ खेळाडूंसाठी नियम वेगळे आहेत, ते क्लबमार्फत समजून घ्या.

माझा सल्ला, आधी दोन वर्षं 10 मीटर. कारण 50 मीटरला गोळी वाऱ्यातून जाते. तिथे 10 चं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं, आणि आडवा वारा सुटला की गोळी त्यातून सहज बाहेर पडते. चाळकेवाडीच्या पवनचक्क्या बघितलेल्या माणसाला वाऱ्याची ताकद सांगायला नको. शिवाय सांगलीकरांना कोल्हापूर आणि सातारकरांना बालेवाडी असा रेंजचा प्रवास, वर काडतुसांचा खर्च, हे आधी हिशोबात धरा.

जुनी रायफल घेताना

पीसीपी रायफल सेकंडहँड मिळाली की सौदा स्वस्त वाटतो. सिलिंडरवरची तारीख वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. एअर सिलिंडरचं आयुष्य बनवणारा ठरवतो, साधारण दहा वर्षं. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेच्या उपकरण तपासणीत अडतो आणि नवा सिलिंडर घेताना स्वस्ताई संपते. मग नळीच्या टोकाची कड भिंगाखाली बघा, ट्रिगरचे स्क्रू झिजलेत का बघा, सिलिंडर भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी गेजवर दाब तेवढाच आहे का ते पाहा. विकणारा रात्रभर ठेवायला तयार नसेल तर दुसरा बघा.