दुसऱ्या प्लॅनमध्ये शून्य बदल दिसले पाहिजेत

फोंड्यात पावसाळ्यात लाईटचा भरवसा नसतो. इन्व्हर्टरवर लॅपटॉप तगतो, पण गल्लीतलं फायबर बंद पडलं की नेट गेलंच. म्हणून टेराफॉर्मचा (क्लाउडवरचं नेटवर्क आणि सर्व्हर कोडमधून उभं करणाऱ्या साधनाचा) कोड लिहायला घेतानाच मी आधी विचार करते: अप्लाय, म्हणजे तो कोड प्रत्यक्ष लागू करणं, मध्येच तुटलं तर ते निर्धास्तपणे पुन्हा चालवता येईल का?

नुसत्या शेल स्क्रिप्टने हे साधत नाही. एडब्ल्यूएसला (ॲमेझॉनच्या क्लाउडला) व्हीपीसी, म्हणजे आपलं खाजगी नेटवर्क, बनवायची कमांड दोनदा दिली, तर दोन व्हीपीसी उभ्या राहतात. दोन्हींची रेंज (आयपी पत्त्यांचा पट्टा) १०.२०.०.०/१६ असली तरी कोणी हटकत नाही. टेराफॉर्म मात्र काय बनवलं त्याची नोंद स्टेट फाइलमध्ये ठेवतं. ही फाइल लॅपटॉपवर ठेवू नका. एस-थ्री बकेटमध्ये (एडब्ल्यूएसच्या फाइल-साठ्यात) ठेवा, व्हर्जनिंग (जुन्या प्रती राखणं) चालू करा आणि लॉक लावा, म्हणजे एका वेळी एकच अप्लाय चालेल. टेराफॉर्मच्या आवृत्ती १.११ पासून लॉकसाठी डायनॅमोडीबीमध्ये (एडब्ल्यूएसच्या डेटाबेसमध्ये) वेगळं टेबल लागत नाही.

अप्लायही घरून चालवू नका, ते सीआय रनरवरच (अशी कामं आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवरच) होऊ द्या. तुमचं नेट गेलं तरी तिथलं काम पुरं होतं. लॅपटॉपवरून चालवताना नेट गेलंच, तर फोल्डरमध्ये 'एरर्ड' नावाची स्टेट फाइल पडली आहे का ते आधी बघा. असेल तर ती बकेटमधल्या स्टेटवर पुश करा, मगच पुढचा प्लॅन (काय काय बदलणार त्याची आगाऊ यादी) काढा. लॉक अडकलं असेल तर दुसरं कोणी अप्लाय चालवत नाही ना, हे फोन करून विचारा आणि मगच सोडवा.

आता सबनेट, म्हणजे व्हीपीसीचे छोटे भाग. इथे 'काउंट' (नुसत्या क्रमांकाने प्रती बनवणं) वापरू नका. पणजी, मडगाव आणि म्हापसा ऑफिससाठी काउंटने तीन सबनेट केले आणि पुढे मडगाव काढलं, की म्हापशाचा क्रमांक दोनवरून एकवर येतो (मोजणी शून्यापासून असते). रेंज यादीतल्या क्रमांकावरून ठरत असेल, तर टेराफॉर्म म्हापशाचं चालू सबनेट पाडायला निघतं. त्यात सर्व्हर असतील तर ते पडतही नाही, डिपेन्डन्सी व्हायोलेशन (अजून वापरात असल्याची एरर) येऊन काम अर्ध्यावर लटकतं. त्याऐवजी 'फॉर-ईच' (नावावरून प्रती बनवणं) घ्या, ऑफिसच्या नावालाच किल्ली करा आणि प्रत्येक नावापुढे त्याची रेंज स्वतः लिहा. रेंज ठरवताना हात आखडू नका: बनलेल्या सबनेटचा आकार बदलता येत नाही. शिवाय एडब्ल्यूएस प्रत्येकातले ५ पत्ते स्वतःकडे ठेवतं, म्हणजे /२८ मध्ये (एकूण १६ पत्ते) हाती ११ च उरतात.

प्लॅन फाइलमध्ये साठवा आणि तीच फाइल अप्लाय करा. लगेच 'डिटेल्ड एक्झिटकोड' लावून पुन्हा प्लॅन काढा. ० आलं तर बदल नाही, १ म्हणजे एरर, २ म्हणजे अजून काहीतरी बदलायचं बाकी आहे. २ आलं की सीआयची पाइपलाइन थांबवा. अशा वेळी मी पहिल्यांदा सिक्युरिटी ग्रुप (सर्व्हरकडे कोणती रहदारी येऊ-जाऊ द्यायची त्या नियमांचा गट) बघते. नियम ग्रुपच्या आतही लिहिलेले आणि कोडमधल्या वेगळ्या रिसोर्सनेही (ब्लॉकनेही) जोडलेले असतील, तर ते दर खेपेला एकमेकांना पुसत राहतात. दोन्हींतली एकच पद्धत ठेवा.

नॅट गेटवेच्या (खाजगी सर्व्हरना इंटरनेटवर जाऊ देणाऱ्या दाराच्या) इलॅस्टिक आयपीला, म्हणजे राखून ठेवलेल्या सार्वजनिक पत्त्याला, 'प्रिव्हेंट डिस्ट्रॉय' (पाडायला मनाई) लावाच. क्लायंटने तो पत्ता आपल्या फायरवॉलमध्ये घातलेला असतो आणि एकदा सोडला की परत मिळेलच असं नाही. मात्र कोडमधून त्या आयपीचा अख्खा ब्लॉकच काढला तर हे संरक्षणही त्याच्याबरोबर जातं. म्हणून असा ब्लॉक उडवणारा बदल दुसऱ्या माणसाने प्लॅन वाचल्याशिवाय मुख्य कोडमध्ये मर्ज होऊ देऊ नका.