पावसात भीमाशंकर: गणेश घाटानेच चढा

पायथ्याच्या खांडस गावाहून दोन वाटा वर जातात, शिडी घाट आणि गणेश घाट. पावसाळ्यात शिडी घाटाच्या नादी लागू नका. ओल्या शिडीवरून माझा पाय एकदा सटकलाय, तेवढं पुरे. गणेश घाट लांबचा, पण भरवशाचा. सकाळी ७ च्या आत निघा.

पदरावर, म्हणजे डोंगराच्या मधल्या सपाटीवर, धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसेनासा होतो. तेव्हा वाट शोधत भटकायचं नाही. गप उभं राहायचं, ढग सरकला की पुढे. ओढ्याचं पाणी गुडघ्याला लागलं तर सरळ मागे फिरा. छत्री घरीच ठेवा, कोरडे मोजे प्लास्टिकच्या पिशवीत. जळू चिकटली तर ओढू नका, नखाने हळूच सरकवा. आणि शेकरू दिसेल म्हणून वर बघत चालू नका, पायाखाली शेवाळ असतं!