एक्स-रे वाचायला शिकताय? या चुका टाळा

पहिल्या वर्षी ॲनाटॉमीत चांगले मार्क मिळवलेली मुलंही पोस्टिंगला आल्यावर फिल्मसमोर गप्प होतात. मनगटाची आठ हाडं स्कॅफॉइडपासून हॅमेटपर्यंत घडाघडा म्हणून दाखवतील, पण समोरच्या फिल्मवर लुनेट कुठलं असं विचारलं की बोट नुसतं फिरत राहतं. पुस्तकातल्या आकृतीत प्रत्येक हाड सुटं आणि रंगीत असतं. फिल्मवर सगळं एकावर एक पडलेलं असतं, आणि कसं पडायचं ते आपण एक्स-रेची ट्यूब कुठून रोखली आणि पेशंटला कसं उभं केलं त्यावर ठरतं. पोझिशनिंग आणि ॲनाटॉमीचे पेपर वेगळे असतील, विषय एकच आहे. खालच्या बहुतेक चुका त्यांची फारकत केल्यामुळेच होतात.

आल्या आल्या आजार शोधणं

छातीची फिल्म लावली की लगेच 'पॅच कुठे आहे' असं शोधू नका. ही फिल्म वाचण्याजोगी आहे का, हे आधी बघा.

पीए (किरण पाठीकडून छातीकडे) आहे की एपी (छातीकडून पाठीकडे)? पीएला ट्यूब 180 सेंमीवर असते आणि छाती डिटेक्टरला (चित्र टिपणाऱ्या प्लेटला) टेकलेली असते, त्यामुळे हृदयाची सावली फारशी मोठी होत नाही. वॉर्डातल्या पोर्टेबल एपीला अंतर कमी आणि हृदय डिटेक्टरपासून लांब, म्हणून तीच सावली फुगते. 'हृदयाची रुंदी छातीच्या निम्म्याहून जास्त म्हणजे हृदय मोठं' हा नियम पीएसाठी आहे. तो पोर्टेबलवर लावून आयसीयूतल्या निम्म्या पेशंटना कार्डिओमेगाली ठरवू नका.

मग रोटेशन. दोन्ही क्लॅव्हिकलची (गळ्याखालच्या हाडांची) आतली टोकं स्पायनस प्रोसेसपासून (मणक्याच्या मागच्या टोकापासून) सारख्या अंतरावर हवीत. पेशंट वळलेला असेल तर एक फुप्फुस जास्त काळं दिसतं, एका बाजूचा हायलम (फुप्फुसात रक्तवाहिन्या शिरतात ती जागा) उगाच भरलेला वाटतो. डावा हायलम उजव्यापेक्षा थोडा वर आणि उजवा डायफ्रॅम डाव्यापेक्षा थोडा वर असणं मात्र नॉर्मल. त्यात आजार काढणारेही दरवर्षी भेटतात.

श्वास पुरेसा घेतलाय का, हे बरगड्या मोजून कळतं: उजव्या डायफ्रॅमच्या वर पुढच्या सहा किंवा मागच्या नऊ-दहा. इथे मोजण्यातच गोंधळ होतो. पुढच्या बरगड्या तिरक्या खाली उतरतात, मागच्या जवळजवळ आडव्या जातात. एक पुढची, एक मागची असं मोजलंत तर आकड्याला अर्थ नाही. आणि श्वास कमी पडला असेल तर दोष बहुधा आपल्या सूचनेचा असतो. 'श्वास रोखा' म्हटलं की कित्येक आजी-आजोबा आधी श्वास सोडतात आणि मग रोखतात. 'मोठा श्वास घ्या, आता सोडू नका' असं सांगा आणि छाती वर आलेली डोळ्यांनी बघूनच एक्स्पोजर द्या.

वेणीला टीबी समजणं

आपल्याकडे फुप्फुसाच्या टोकाला धूसर सावली दिसली की सगळ्यांच्या मनात पहिल्यांदा टीबी येतो, आणि ते योग्यच आहे. पण लांब वेणी खांद्यावरून पुढे किंवा मागे लोंबत राहिली तर नेमकी तिथेच उभी, रेघारेघांची सावली पडते. केस ओले किंवा तेल लावून घट्ट विणलेले असतील तर ती आणखी ठळक दिसते. सावलीची कड धरून वर जा. ती फुप्फुसाची हद्द ओलांडून मानेत गेली, तर ती फुप्फुसातली नाही. वेणी डोक्यावर बांधायला सांगून फिल्म पुन्हा काढा. खरं तर हे आधीच करायचं असतं.

हीच युक्ती कातडीच्या घडीलाही लागू पडते. पोर्टेबलवर म्हाताऱ्या माणसाच्या पाठीची घडी न्यूमोथोरॅक्सच्या (फुप्फुसाबाहेर हवा साठण्याच्या) रेघेसारखी दिसते. पण रेघेच्या बाहेरही फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या दिसत असतील, किंवा रेघ छातीच्या भिंतीपलीकडे जात असेल, तर ती घडीच. मंगळसूत्र, ब्लाऊजचे हूक आणि दंडावरचा ताईत पटकन लक्षात येतात. केयूबीला (किडनीपासून मूत्राशयापर्यंतच्या पोटाच्या फिल्मला) चांदीचा करदोटा मात्र हमखास राहून जातो, आणि त्याच्या आड मुतखडा लपू शकतो.

एकाच व्ह्यूवर समाधान

फिट येऊन गेलेला किंवा शॉक लागलेला पेशंट खांदा धरून येतो, हात बाहेरच्या बाजूला वळवता येत नाही. एपी फिल्म बघितली तर सांधा जवळपास जागेवर वाटतो, फक्त ह्युमरसचं (दंडाच्या हाडाचं) डोकं बल्बसारखं गोल दिसतं. हे मागच्या बाजूला निखळणं एपीवर सहज निसटतं. ॲक्झिलरी (काखेतून) किंवा वाय (खांद्याचा बाजूने) व्ह्यू घेतला की उघड होतं. मनगटातलं लुनेट निखळलेलंही लॅटरलवरच (बाजूने काढलेल्या फिल्मवरच) नीट कळतं. मानेच्या लॅटरलमध्ये सातवा मणका आणि त्याखालचा सांधा दिसत नसेल, तर ती फिल्म अपुरी आहे. खांदे खाली ओढून घेता आले नाहीत, ही सबब तिथे चालत नाही.

लहान मुलांच्या कोपराला घाबरणं

घाबरण्यासारखं आहेच, पण क्रम माहीत असला की बरंच सोपं होतं. कोपराच्या वेगवेगळ्या भागांत हाड तयार होऊ लागण्याची केंद्रं साधारण अशी दिसू लागतात: कॅपिटेलम 1 वर्षाला, रेडियल हेड 3, मीडियल एपिकॉन्डाइल 5, ट्रॉक्लिया 7, ओलेक्रॅनॉन 9, लॅटरल एपिकॉन्डाइल 11. वयं थोडी मागेपुढे होतात, मुलींमध्ये लवकर येतात. आकड्यांपेक्षा क्रम महत्त्वाचा.

तो का, ते बघा. पडून आलेल्या आठ वर्षांच्या मुलाच्या फिल्मवर ट्रॉक्लियाच्या जागी हाडाचा तुकडा दिसतोय, आणि मीडियल एपिकॉन्डाइल त्याच्या जागी नाही. ट्रॉक्लिया एपिकॉन्डाइलच्या आधी दिसू लागत नाही. म्हणजे तो 'ट्रॉक्लिया' बहुधा तुटून सांध्यात अडकलेला एपिकॉन्डाइल आहे. क्रम माहीत नसेल तर हीच फिल्म नॉर्मल म्हणून जाते.

लॅटरलला कोपर 90 अंशात वाकवून नीट घेतला असेल आणि ह्युमरसच्या मागे चरबीची काळी पट्टी दिसली, तर सांध्यात काही भरलंय असं समजा. मार लागलेला असेल तर फ्रॅक्चर दिसत नसलं तरी शंका घ्यायची. पण कोपर सरळ ठेवून फिल्म काढली असेल तर ही पट्टी फसवते. पायाच्या पाचव्या मेटाटार्सलच्या (करंगळीमागच्या हाडाच्या) बुडाशी मुलांमध्ये एक उभी रेघ असते, हाडाच्या लांबीच्या दिशेने. ती वाढीची. फ्रॅक्चरची रेघ सहसा आडवी जाते. आणि तुलना करायची म्हणून दुसऱ्या हाताची किंवा पायाची फिल्म आपल्या मनाने काढू नका. तो डोस द्यायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील.

एक फ्रॅक्चर सापडलं की थांबणं

अल्ना (कोपर ते मनगट, करंगळीकडचं हाड) तुटलेला दिसला की रेडियल हेड कॅपिटेलमच्या रेषेत आहे का बघा. घोट्याच्या आतल्या बाजूला मार असेल तर फिब्युला (पोटरीचं बारीक हाड) वर गुडघ्यापाशी तुटलेला असू शकतो, आणि तो भाग घोट्याच्या फिल्मवर येतच नाही. पेल्विसचं कडं एका जागी तुटलं की दुसरी जागा शोधायची.

मार्कर नंतर टाकू म्हणणं

शिशाचा मार्कर एक्स्पोजरच्या आधी ठेवा. कॉम्प्युटरवर नंतर टाकलेलं अक्षर अंदाजाने पडतं. हृदय उजवीकडे दिसतंय म्हणून फिल्म उलटवून 'दुरुस्त' केली, तर डेक्स्ट्रोकार्डिया (हृदय मुळातच उजवीकडे) असलेल्या पेशंटचं नुकसान होतं. सीटीचे आडवे काप पेशंटच्या पायाकडून बघायचे असतात. लिव्हर आपल्या डाव्या हाताला.

रिपोर्ट आधी वाचणं

रिपोर्ट वाचून फिल्म बघितली की सगळं दिसतं, आणि शिकणं काहीच होत नाही. आधी वहीत स्वतःचं मत दोन ओळींत लिहा, मग रिपोर्टशी ताडून बघा. नॉर्मल फिल्म जास्त बघा. विद्यार्थी त्यांना कंटाळतात, पण नजर त्यांच्यावरच बसते.

पेशंटला निदान सांगणं आपलं काम नाही. 'रिपोर्ट डॉक्टर सांगतील' एवढंच म्हणायचं. पण उभ्याने काढलेल्या फिल्मवर उजव्या डायफ्रॅमखाली हवेची काळी कोर दिसली (आतडं फुटलेलं असू शकतं), तर फिल्म रांगेत टाकून पुढचा पेशंट घेऊ नका. कॅज्युअल्टीला फोन लावा आणि मोजकं सांगा: 'सर, पोटाचा पेशंट, उभ्याने काढलेली फिल्म, मार्कर तपासलाय, उजव्या डायफ्रॅमखाली हवा वाटतेय, लगेच बघता का?'