नवी सिंक्रो रिंग टाकूनही गिअर वाजतो? रिंग विकत घेण्याआधी या चुका टाळा

दुसरा गिअर टाकताना कर्र वाजतं म्हणून गिअरबॉक्स उतरवायचा, पितळी सिंक्रो रिंग (गिअर लागण्याआधी वेग जुळवणारी) बदलायची, बॉक्स चढवायचा, आणि महिन्याभरात तीच गाडी पुन्हा दारात. हे माझ्या हातून झालेलं आहे. साखरेची पोती घेऊन कोल्हापूरहून मुंबईला जाणारा सहाचाकी ट्रक होता. मी दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या रिंगा नव्याकोऱ्या घातल्या होत्या. पुन्हा खोललं तेव्हा दुसऱ्याची नवी रिंग गिअरच्या तोंडाला जवळजवळ टेकली होती. घासलेला होता तो गिअरचा कोन, म्हणजे रिंग ज्यावर बसते तो शंकूसारखा भाग, आणि तो मी नखानं चाचपूनही पाहिला नव्हता. मजुरी सोडली, पण मालकाची भाडी बुडाली ती बुडालीच.

तेव्हापासून माझा नियम आहे: बॉक्स पूर्ण खोलून, धुऊन, मोजून झाल्याशिवाय सिंक्रोची ऑर्डर द्यायची नाही. दुकानात एकटी रिंग मिळते म्हणून ती एकटी मरते असं नाही. रिंग, गिअरचा कोन, हब (शाफ्टवर बसलेला मधला भाग), स्लीव्ह (हबवर सरकणारी दातेरी कडी) आणि मधल्या चाव्या (दोघांमधल्या छोट्या पट्ट्या) असं ते पूर्ण कुटुंब आहे.

आधी रिंगेचं काम बघू. ड्रायव्हर लिव्हर ढकलतो तेव्हा स्लीव्ह सरकते, चाव्या रिंगेला गिअरच्या कोनावर दाबतात. रिंगेच्या आतल्या बारीक आट्या कोनावरचं तेल कापून बाजूला सारतात, पितळ पोलादाला पकडतं आणि गिअरचा वेग स्लीव्हच्या वेगाशी जुळतो. वेग जुळेपर्यंत रिंगेचे दाते स्लीव्हला अडवून धरतात. तेल कापलं गेलं नाही तर पकड नाही, पकड नाही तर अडवणूक नाही, आणि मग दात्यांवर दाते घासून तो आवाज येतो. रिंग निवडताना बघायचं ते एवढंच: आट्या, उतार आणि दाते.

रोग एक, औषध भलतंच

सगळेच गिअर जड पडत असतील तर सिंक्रोकडे जाऊच नका, क्लच बघा. इंजिन आयडलवर ठेवा, क्लच पूर्ण दाबा, पाच-सात सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. बहुतेक ट्रकमध्ये रिव्हर्सला सिंक्रो नसतो. एवढं थांबूनही तो वाजत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही: क्लच दाबायला मदत करणाऱ्या बूस्टरचा स्ट्रोक कमी आहे, प्लेट चिकटते आहे, किंवा फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग धरलं आहे. अशा गाडीत कितीही महागाची रिंग टाका, ती क्लचशी झुंजून संपणार.

गिअर निसटत असेल तर तोही रिंगेचा दोष नव्हे. तिथे स्लीव्हचे आणि गिअरचे डॉग दाते (एकमेकांत अडकणारे), सिलेक्टर फोर्कची (स्लीव्ह सरकवणारा काटा) झीज आणि मेन शाफ्टचा एंड प्ले (पुढे-मागे हलणं) तपासायचा. एकच गिअर, तोही वेगात खाली उतरवताना वाजतो, तेव्हाच संशय सिंक्रोवर घ्या.

तेल काढताना घाई करू नका. दोन बोटांत चोळून उन्हात धरा. सोनेरी चमक दिसली तर पितळ जातंय. ड्रेन प्लगच्या चुंबकाला ते चिकटत नाही, म्हणून फक्त चुंबक बघणाऱ्याला बॉक्स ठणठणीत वाटतो.

न मोजता घेतलेली रिंग

जुनी रिंग त्याच गिअरच्या कोनावर हातानं दाबून बसवा आणि रिंगेची कडा व गिअरचे दाते यांच्यामधली फट फिलर गेजनं (ठरावीक जाडीच्या पत्त्यांनी) मोजा. एका ठिकाणी नको, सारख्या अंतरावर तीन ठिकाणी. अनेक हलक्या-मध्यम बॉक्सना नव्या रिंगेची फट एक मिलिमीटर किंवा थोडी जास्त असते आणि अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आली की रिंग बाद. पण तुमच्या बॉक्सचा आकडा मॅन्युअलमध्ये असेल तोच खरा.

आता खरी कसोटी: नवी रिंग त्याच जुन्या गिअरवर बसवून पुन्हा मोजा. नव्या रिंगेनंही फट नव्या बॉक्सइतकी येत नसेल, तर कोन झिजला आहे आणि गिअर बदलावा लागणार. कोनावर निळी झाक, पितळाचा थर, नखाला लागणारी पायरी यांतलं काहीही दिसलं तरी तोच निर्णय. गिअर महाग असतो, मालक कुरकुरतो. त्याला बोलावून दोन्ही फटी समोर मोजून दाखवा. मी तसंच करतो.

कोनाला इंजिनिअर्स ब्लू (टेकल्याची खूण दाखवणारा निळा रंग) लावून रिंग दाबून फिरवली की डाग कुठे उठतो तेही बघा. डाग सगळीकडे गोल उठायला हवा. एकाच बाजूला उठला तर रिंग अंडाकृती आहे किंवा उतार वेगळा आहे. तशी रिंग दुकानात परत करा.

दिसायला सारखी म्हणून घेतलेली रिंग

जुनी रिंग खिशात घालून पुण्यातल्या नाना पेठेत जायचं आणि तशीच दिसणारी आणायची, ही पद्धत सगळीकडे आहे. नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. एकाच बॉक्समध्ये खालच्या आणि वरच्या गिअरच्या रिंगा वेगळ्या असू शकतात. दाते मोजा, खाचा मोजा, आट्यांची ठेवण बघा. पार्ट नंबर काढताना गाडीचं मॉडेल सांगू नका, बॉक्सवरची नेमप्लेट वाचा. दहा वर्षं चाललेल्या ट्रकमध्ये मूळ बॉक्सच असेल याची खात्री कोण देणार? नेमप्लेटमधून बरंच कळतं: झेडएफ या गिअरबॉक्स कंपनीच्या ९एस १११० मधला ९ म्हणजे नऊ गिअर आणि एस म्हणजे सिंक्रोमेश.

धातूचाही घोळ होतो. काही रिंगा साध्या पितळी, काहींच्या आत मॉलिब्डेनमचा थर, काहींना कार्बनचं अस्तर. कंपनीनं त्या कोनासाठी जी दिली तीच घ्या. खालच्या गिअरला डबल कोन असेल तर आतली रिंग, मधला कोन आणि बाहेरची रिंग असा संच असतो. त्यातली एकच बदलली तर नव्याच्या पकडीवर जुन्याची झीज बसते.

व्हॉल्व्ह ग्राइंडिंगची पेस्ट लावून नवी रिंग कोनावर घासून बसवायची सवय कृपा करून सोडा. आट्यांची धार जाते, खाचांत दाणे भरतात, आणि ते दाणे पुढे बेअरिंगमध्ये जातात. अस्तरवाल्या रिंगेला तर एकदाच पेस्ट लागली की ती संपली. नवी रिंग चढवण्याआधी त्याच बॉक्सच्या तेलात बुडवून ठेवा, एवढं पुरतं.

हब, स्लीव्ह आणि चाव्या

हब आणि स्लीव्ह एकमेकांत मुरलेले असतात. खोलताना दोघांवर खूण करा. उलटी बसवलेली स्लीव्ह बऱ्याच बॉक्समध्ये बसते खरी, पण गिअर पूर्ण लागत नाही. स्लीव्हच्या दात्यांची टोकं बोथट झाली असतील तर ती नव्या रिंगेचे दाते पहिल्याच आठवड्यात खातील. तेव्हा हब-स्लीव्ह जोडीनंच घ्या.

चाव्या आणि स्प्रिंगा मात्र दर वेळी नव्याच. किंमत किरकोळ, काम मोठं. स्प्रिंग मऊ पडली की रिंग कोनावर वेळेत दाबली जात नाही आणि स्लीव्ह तशीच पुढे घुसते. गोल स्प्रिंगा असतील तर दोन्ही बाजूंची वाकडी टोकं एकाच चावीत अडकवू नका.

तेल

डिफरन्शियलच्या बॅरलमधलं जीएल-५ तेल (जीएल-४, जीएल-५ हे गिअर तेलाचे दर्जे) गिअरबॉक्समध्ये ओतलेलं मी अनेकदा पाहिलं आहे. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात. ती डिफरन्शियलच्या हायपॉइड दात्यांना वाचवतात, पण त्यातली काही तेलं पितळ खातात, आणि जास्त निसरड्या तेलावर रिंगेची पकडही ढिली पडते. बॉक्सला जीएल-४ सांगितलं असेल तर जीएल-४च घाला. झेडएफच्या बॉक्सना त्यांच्या मान्य यादीतलं तेल लागतं.

ड्रायव्हरशी बोलणं

कसारा घाट उतरताना डिझेल वाचवायला न्यूट्रल करायचं आणि वळण आलं की साठच्या वेगात तिसरा कोंबायचा, यात रिंग जळते. ब्रेकच्या दृष्टीनंही हे जिवावरचं आहे. लिव्हरवर हात ठेवून गाडी चालवली तर फोर्क स्लीव्हला सतत दाबत राहतो. रेंज असलेल्या बॉक्समध्ये (तेच गिअर हाय आणि लो अशा दोन टप्प्यांत वापरणाऱ्या) वेग न उतरवता हाय रेंजमधून लो रेंजमध्ये आलं, किंवा हवेचं प्रेशर कमी असताना रेंज बदलली, की मागचा सिंक्रो आधी जातो. गाडी देताना या गोष्टी मालकाला नव्हे, ड्रायव्हरला सांगा.

आणि जुन्या रिंगा लगेच भंगारात टाकू नका. गाडी नंबर आणि गिअर लिहिलेली चिठ्ठी बांधून त्या ठेवून द्या. भरलेली गाडी एकदा घाट करून आली, दुसरा गिअर गरम बॉक्सवरही लोण्यासारखा पडला, की मग द्या भंगारवाल्याला.